आबा माझ्या पायाशी बोलतात

डाव्या पोटरीवरची खपली अजून ओली आहे, तोवर लिहून टाकतो. खपली पडली की माझा रागही पडतो, आणि या वेळी तो मला टिकवायचा आहे.

कुडाळजवळच्या आमच्या जुन्या घराला पोटमाळा आहे. तिथे उभं राहता येत नाही, रांगावं लागतं. कौलं कुठे सरकली, वासे कुठे भिजले, हे पावसाआधी रांगून बघायचं काम दर मे महिन्यात माझ्याकडे येतं. घराच्या उताऱ्यावर नावं ११ आहेत, गुडघे मात्र माझेच.

परवा टॉर्च दातांत धरून चौथ्या वाशापर्यंत पोचलो आणि डावा पाय मांडीपर्यंत खाली गेला. चांगली फळी मोडताना निदान कडाड्‌ करते. ही चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी गेली.

खाली लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, शेजारचे आबा चहा पीत बसले होते. वय ८४, ऐकू कमी येतं, दिसतं मात्र गरजेपेक्षा जास्त. डोक्यावर अचानक एक पाय उगवला तर कुणीही दचकेल. आबांनी कपावर हात धरला. माती पडत होती ना!

"कोण रे तो?"

"आबा, मी!"

"पाय गोरो दिसता. मुंबयचो?"

"आबा, शिडी आणा!"

"हाडतंय रे. आदी च्या संपांदे. तू हालू नको हां. हाललंस तर सगळोच खाली येतलंस."

मग चहा संपेपर्यंत ते माझ्या पायाशी बोलले. माझ्याशी नव्हे, पायाशी. मान वर करून, तळव्याकडे बघत. "ही फळी आंब्याची. तुझ्या आजोबाक मी तेव्हाच सांगलंय, फणसाची घाल. आयकल्यान काय?" पायाने उत्तर दिलं नाही. त्याला मुंग्या येत होत्या. एकदा तर त्यांनी उठून अंगठ्याचं नख तपासलं आणि म्हणाले, "नखां काप."

इकडे वर मी पोटावर आडवा. नाकासमोर वितभर अंतरावर वाशावरून एक मातीची नळी चालली होती, शिसपेन्सिलीएवढी जाड. टोकरली तर आत पांढऱ्या किड्यांची धावपळ. वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती असा झाकलेला रस्ता बांधत येते. जोत्याखालच्या ओल्या मातीतून निघून भिंतीतून माळ्यापर्यंत सगळा रस्ता स्वखर्चाने. आमच्या वाडीचा रस्ता अजून मंजूर व्हायचाय.

पण खरा घात पावसानेच केला. कौल सरकलं, फळीवर पाणी ठिबकलं, फळी भिजत राहिली, बुरशीने पोखरली. लाकडात ओलाव्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर ते सहसा कुजत नाही. आमच्या फळीला कुणीतरी पिळायलाच हवं होतं. आजोबा दर दोन वर्षांनी वाशांना काजूच्या टरफलांचं काळं तेल फासायचे. त्याने हाताला फोड यायचे, पण वासे टिकले. मी गेल्या वर्षी विकतचं काहीतरी फासलं. वास छान होता.

शिडी आली. मी उतरलो. आबा म्हणाले, "तुझो पाय शाणो आसा. तू मदीच बोलतंस."

दुसऱ्या दिवशी औषधवाला आला. भिंत आणि जमीन मिळते त्या कडेने फूटफूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून त्यांत औषध भरत गेला. शेवटी मागीलदारच्या वारुळाकडे वळला, तर आबा आडवे.

"थंय हात लावायचो नाय. सातेरी ती!"

आमच्या भागात सातेरी देवी वारुळाच्या रूपातच पुजतात, त्यामुळे औषधवाल्याने चपला काढल्या. मी म्हटलं, आबा, हीच तर घर खातेय. आबांनी आवाज खाली आणला. "आणि पावसात अळमी खंयसून खातलंस?"

आता यावर काय बोलणार? ही अळंबी वारुळावरच उगवतात. वाळवी आत बुरशीची शेती करते, तिचंच हे पीक. म्हणजे आमचं घर खाऊन ती जे पिकवते, ते दर पावसात आबांच्या सुनेच्या कढईत जातं. आमच्याकडे वाटीभर येतं. वाटी लगेच परत मागतात.

वारूळ राहिलं. बिल १४ हजार झालं. ते भावंडांच्या ग्रुपवर टाकलं, ११ जणांत भागून प्रत्येकी किती तेही लिहिलं. तीन अंगठे आले. गणपतीत याच माळ्याखाली २३ जण झोपतात, पोळे-उसळ खातात, 'आपलं घर' म्हणून फोटो टाकतात, आणि चतुर्थीच्या आधी कौलं कुणी परतली हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. मी दोनदा आठवण केली. धाकट्या चुलतभावाने 'गावची माती' असं लिहून हृदय पाठवलं. माती खरीच होती, फळीतली.

शेवटी पुरावा म्हणून माळ्यावरच्या भगदाडाचा फोटो टाकला, कडेला माझ्या पोटरीच्या रक्ताचा डाग होता तसाच. चार मिनिटांत नाशिकच्या ताईचं उत्तर आलं. माझ्या आयुष्यात तिने इतक्या लगेच कधी उत्तर दिलेलं नाही.

"मागे कोपऱ्यात पणजीची पितळेची घागर दिसतेय ना? ती आमच्या वाटणीची आहे हं. येताना घेऊन ये."