झर्सीज ब्लू परत आलेलं नाहीये

"८० वर्षांपूर्वी नामशेष झालेलं झर्सीज ब्लू फुलपाखरू सॅन फ्रान्सिस्कोत परत आणलं" असा फॉरवर्ड फिरतोय, आणि खाली लिहिलंय की जाळी घेऊन फिरणाऱ्या संग्राहकांनी ते संपवलं होतं, आणि तसंही ती वेगळी प्रजाती नव्हतीच.

परत आणलेलं नाहीये. २०२४ मध्ये तिथल्या प्रेसिडिओ पार्कात सोडलं ते सिल्व्हरी ब्लू, माँटेरे काउंटीतून पकडून आणलेलं. जवळचं नातेवाईक आहे आणि उपक्रम खरंच चांगला आहे, पण फुलपाखरू दुसरं आहे.

झर्सीज ही वेगळी प्रजाती होती का, हा वाद मात्र खरंच होता. २०२१ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या ९३ वर्षं जुन्या नमुन्याच्या पोटाचा बारीकसा तुकडा घेऊन डीएनए तपासला, तेव्हा वेगळीच निघाली.

आता संग्राहकांचं. पकडायचे ते, नाही कोण म्हणतंय, पण त्यांनी जपून ठेवलं म्हणून तर हा डीएनए मिळाला. संपलं ते घर गेल्यामुळे. शहराच्या पश्चिमेला, आज जिथे सनसेट भाग आहे, तिथे समुद्रापर्यंत नुसत्या वाळूच्या टेकड्या होत्या आणि त्यांच्यावर डीअरवीड, लुपिन अशी झुडपं, अळ्यांचं खाणं तेच. विसाव्या शतकात तिथे रस्ते आले, घरांच्या रांगा आल्या, वाळू गाडली गेली, झुडपं गेली, आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर ते फुलपाखरू कुणाला दिसलेलं नाही. बाकी हिरवळ होती की, बागा होत्या, पण अळीला त्याचा काय उपयोग? आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या येतात, आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात, झाड पार ओरबाडून टाकतात पण शेजारच्या जास्वंदीला, मोगऱ्याला तोंडसुद्धा लावत नाहीत. कढीपत्ता काढला तर बाकी २० कुंड्या असून त्या उपाशी मरतील. झर्सीजच्या अळ्यांना तर मुंग्यांचीही साथ लागायची, अळी गोड रस देणार, मुंग्या तिची राखण करणार. वाळूवर डांबर आलं की हा सगळा संसारच मोडतो, त्याला जाळं लागत नाही.

आणि ते सिल्व्हरी ब्लू सोडलं तेसुद्धा असंच नाही सोडलं, त्याच्या आधी प्रेसिडिओत कित्येक वर्षं वाळूच्या टेकड्या पूर्ववत करून तिथली मूळ झुडपं परत लावावी लागली.