डोकं एकच, आकडे दोन: एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

"नाशिकला एफए ०.४१, मुंबईला ०.४७. इथल्या चित्रात तंतू तुटलेले, तिथे अखंड. मशीन बोगस," असं लिहून, वडिलांच्या मेंदूच्या एमआरआयवरून, तुम्ही आमच्या नाशिकच्या सेंटरला एक स्टार दिलात. वडिलांच्या दुखण्याबद्दल मी इथे चारचौघांत बोलणार नाही. मशीनबद्दल आणि आमच्या चुकीबद्दल बोलतो.

एफए म्हणजे व्हाइट मॅटरमधलं (मेंदूतल्या तंतूंच्या भागातलं) पाणी एकाच दिशेला किती सरकतं, याचा शून्य ते एकमधला आकडा. आमच्या मशीनचं चुंबक १.५ टेस्ला ताकदीचं, तिथलं ३ चं. किती दिशांनी मोजलं, कोणत्या सॉफ्टवेअरने, मोजायची जागा कोणी आखली, या सगळ्यावर तो बदलतो. पेशंटने डोकं हलवलं तरी बदलतो. एवढ्या फरकावरून वडील सुधारले की बिघडले, हे ठरत नाही.

चित्राचं त्याहून अवघड. आपल्या नाशिकच्या द्वारका चौकात आग्रा रोड आणि पुणे रोड भेटतात. तिथल्या सगळ्या गाड्यांची मिळून एकच सरासरी दिशा काढली, तर दोन्ही रस्ते हरवतील. आमची डीटीआय पद्धत (पाण्याच्या हालचालीवरून तंतूंची दिशा काढणारा एमआरआय) नेमकं हेच करते. सुमारे २ मिलिमीटरच्या ठोकळ्यात तंतू एकमेकांना छेदत असले की एफए पडतो, आणि तो ०.२ च्या खाली गेला की सॉफ्टवेअर चित्रातली तंतूची रेघ थांबवतं. रेघ थांबली म्हणजे तंतू तुटला, असं नाही.

मोठमोठ्यांचंही असं होतं. २०१७ साली छापून आलेल्या एका चाचणीत २० संशोधक गटांना तंतूंच्या २५ आधीच ठरवलेल्या जुडग्यांचा कृत्रिम स्कॅन दिला होता. खरे जुडगे बहुतेकांना सापडले, पण नसलेले त्याहून जास्त निघाले!

म्हणूनच "तंतू खंडित" हे शब्द आमच्या रिपोर्टमध्ये जायला नको होते. काउंटरवरच्या मुलाने "मेंदूच्या वायरी दिसतात" म्हणत जादा पावती फाडली, तेही चुकलंच. डीटीआयचे जादा पैसे परत देतो. साध्या एमआरआयचे नाही, तो नीट झालाय.

सुधारित रिपोर्ट तयार आहे. न्यायला याल तेव्हा मुंबईची सीडी आणा, नुसती फिल्म नको. पुन्हा डीटीआय लागलाच (लागतो का, हे आधी तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा), तर आमच्याकडे करा नाहीतर मुंबईला, पण आधीच्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर.