शेवाळ, मॉस, बुरशी "सगळं एकच" नाहीये, तो मेसेज चुकीचा आहे

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला. त्यात थोडक्यात असं लिहिलंय: "शेवाळ, मॉस, बुरशी आणि प्रोटिस्ट ही सगळी एकाच घराण्यातली, बिनफुलांची खालच्या दर्जाची झाडं. ओलाव्यात उगवतात आणि मातीतलं नाहीतर झाडातलं सत्त्व शोषून जगतात. हिरवं असलं तर शेवाळ, तेच पुढे काळं-पांढरं झालं की बुरशी. खोडावर दिसलं की लगेच खरवडा, नाहीतर झाड मरेल. कुठलंही बुरशीनाशक सगळ्यांवर चालतं." सोबत हिरव्यागार खोडाचा फोटो. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि शेवटची दोन वाचून लोक खरंच खरवडायला घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी "एकाच घराण्यातली" हे बघू. ही समजूत जुनी आहे. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये नेचे, मॉस, शैवाल आणि बुरशी यांना खरोखरच वनस्पतींच्या एकाच वर्गात टाकलं होतं, कारण तेव्हा सजीव म्हणजे एकतर झाड नाहीतर प्राणी, तिसरा कप्पाच नव्हता. १८६६ मध्ये हेकेल या जीवशास्त्रज्ञाने प्रोटिस्टा (बहुतेक एकपेशी सूक्ष्म जीव) वेगळे काढले आणि १९६९ मध्ये व्हिटेकर या शास्त्रज्ञाने पाच सृष्टींची (सजीवांच्या सगळ्यात मोठ्या गटांची) जी मांडणी केली तिच्यात बुरशीला स्वतःची सृष्टी मिळाली. म्हणजे मेसेज चांगला अडीचशे वर्षं मागे आहे. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच, झाडांसारखी सेल्युलोजची भिंत तिला नसते, आणि साठा ती स्टार्चचा नाही तर ग्लायकोजेनचा करते, आपल्या यकृतासारखा. डीएनए तपासल्यावर तर स्पष्टच झालं की बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जास्त जवळची आहे!

थोडा दोष आपल्या बोलण्याचाही आहे हे मान्य. निसरड्या दगडावरचा हिरवा बुळबुळीत थर आणि भिंतीवरचं मखमली गवतासारखं दिसणारं, दोघांनाही आपण शेवाळच म्हणतो. पहिलं शैवाल, दुसरं मॉस. मॉस ही खरी वनस्पती आहे, छोटी पण पूर्ण.

आता "सत्त्व शोषून जगतात", हा खरा मुद्दा. कारण हे चौघं खातात कसं तेच मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नाहीये.

बुरशीपुरतं "शोषून" हे बरोबर, पण अर्धंच. कुजलेल्या ओंडक्याची साल अलगद ओढून बघा, खाली पांढऱ्या धाग्यांचं जाळं दिसेल. ते कवकजाल, म्हणजे खरी बुरशी तीच, भूछत्र हा फक्त बीजाणू पसरवायला वर आलेला भाग. यातला सुटा तंतू केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका बारीक असतो, तो लाकडात घुसतो, टोकातून विकरं (पाचक रसायनं, एन्झाइम) बाहेर सोडतो, लाकूड तिथल्या तिथे विरघळतं आणि मग ते पातळ झालेलं अन्न तंतू ओढून घेतो. आपण आधी गिळतो मग पचवतो, बुरशी आधी पचवते मग घेते. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन पूर्णपणे फोडू शकणारे जीव फार थोडे आहेत आणि त्यात काही बुरश्या सगळ्यात पुढे आहेत, त्या नसत्या तर मेलेली झाडं जंगलात नुसती साचत गेली असती. आणि सगळ्याच बुरश्या झाडांच्या मुळावर उठलेल्या नसतात हो, जमिनीतल्या कित्येक बुरश्या मुळांशी भागीदारी करतात, फॉस्फरस आणि पाणी आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात.

शैवालाचं उलट, ते स्वतःचं अन्न स्वतः बनवतं. उजेड, पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि थोडे विरघळलेले क्षार, बास. केल्प हे समुद्रातलं मोठं शैवाल ४० मीटरच्या वर वाढतं, त्याला खाली मुळांसारखं काहीतरी दिसतं पण ती मुळं नाहीत, फक्त दगडाला धरून ठेवायची पकड आहे, अन्न पात्यांमध्ये तयार होतं. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातलं साधारण निम्मं समुद्रात होतं आणि ते बहुतेक डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव करतात. त्यांना खालच्या दर्जाचं म्हणायचं?

मॉससाठी साधं भिंग घ्या. वाळून तपकिरी, चुरगळलेला दिसणारा मॉसचा तुकडा भिंगाखाली धरा आणि त्यावर दोन थेंब पाणी सोडा. बऱ्याच जातींची पानं काही मिनिटांत, कधी तर बघता बघता उलगडतात आणि हिरवी होतात, मी हे कितीदा केलंय तरी दर वेळी हातातलं काम सोडून बघत बसते. हे होतं कारण बहुतेक मॉसची पानं एकाच पेशीच्या जाडीची असतात आणि पाणी, क्षार सगळं ती पृष्ठभागातूनच घेतात. खाली जे धागे असतात ते मूलाभ, त्यांचं मुख्य काम धरून ठेवणं. स्फॅग्नम मॉस तर आपल्या कोरड्या वजनाच्या २० पटीच्या आसपास पाणी धरतं. अन्न मात्र पानांतच, उजेडात बनतं. तेव्हा खोडावरचा मॉस झाडाचं काहीही पीत नाही, त्याला खोड म्हणजे बसायला जागा, तिथे दगड असता तरी त्याला चाललं असतं.

राहिले प्रोटिस्ट. हे घराणं नाहीच मुळी, जे झाड नाही, प्राणी नाही, बुरशी नाही पण पेशीत केंद्रक आहे अशांची ही उरलेल्यांची पेटी आहे, शैवालही बरंचसं याच पेटीत ठेवतात. साचलेल्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला तर पॅरामेशियम हा एकपेशी जीव केसांसारख्या पक्ष्माभिका हलवून बॅक्टेरिया स्वतःच्या खाचेत ढकलताना दिसतं, आत गेलेल्या घासाचा गोल फुगा पेशीत फिरताना दिसतो, म्हणजे हे चक्क गिळणं आहे. अमीबा छद्मपाद (पेशीचे पायासारखे फाटे) पसरून भक्ष्याला घेरतो. युग्लीना हा हिरवा एकपेशी जीव, ती उजेडात अन्न बनवते आणि अंधारात बाहेरचं विरघळलेलं अन्न घेऊन जगू शकते. मलेरियाचा प्लाझ्मोडियम आपल्या तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो. एकाच पेटीत सगळ्या तऱ्हा.

रंगावरून ओळखायचं तर अजिबात नाही. खोडावर आणि भिंतीवर जो नारिंगी, गंजासारखा थर दिसतो तो बऱ्याचदा ट्रेंटेपोलिया नावाचं हिरवं शैवालच असतं, कॅरोटिनॉइड या नारिंगी रंगद्रव्यांमुळे हिरवा झाकला जातो. उलट ट्रायकोडर्मा ही बुरशी हिरवी दिसते, पण तो रंग बीजाणूंचा, हरितद्रव्य तिच्यात नावालाही नाही. आणि शैवाल वाळून बुरशी होत नाही, मेलेल्या शैवालावर बुरशी वाढेल, ते वेगळं. दोघं एकत्र मात्र राहतात, दगडफूल म्हणजे लायकेन हे बुरशी आणि शैवाल (कधी सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू) यांचं मिळून आहे, १८६० च्या दशकात श्वेंडेनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे सांगितलं तेव्हा बरेच जण मानायला तयार नव्हते. तेही सालीवर नुसतं बसतं.

"कुठलंही बुरशीनाशक चालतं" यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण यात पीक जातं. द्राक्षाच्या पानावर भुरी येते आणि केवडा म्हणजे डाऊनी पण येतो, दोन्ही पांढरे. भुरी ही खरी बुरशी. डाऊनी करणारा जीव मात्र ऊमायसीट, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण वेगळ्याच गटातला, त्याची भिंत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकानची, आणि नात्याने तो बुरशीपेक्षा वर सांगितलेल्या केल्पला जवळचा! अ‍ॅझोल गटातली बुरशीनाशकं एर्गोस्टेरॉल, म्हणजे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं द्रव्य, बनणं थांबवतात, ऊमायसीट ते बनवतच नाही, मग अ‍ॅझोल त्याच्यावर कशाला चालेल. पान उलटून बघा, वरून तेलकट पिवळे डाग आणि बरोबर त्यांच्या खाली पांढरी लव असेल तर डाऊनी, पीठ भुरभुरल्यासारखं असेल आणि बोटाने पुसलं जात असेल तर भुरी. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा ज्याने कुजवला तो फायटोफ्थोरा याच डाऊनीच्या गोतावळ्यातला.

आणि मेसेजमधला तो फोटो मोठा करून बघितला. बारीक पानं, त्यातून वर आलेले दोऱ्याएवढे देठ आणि टोकाला बीजाणूंच्या कुप्या, सरळसरळ मॉस आहे. ते खरवडून साल दुखावली तर त्या जखमेतून खरी बुरशी आत जाऊ शकते. काळजी करायचीच असेल तर खोडाच्या बुडाशी बघा, तिथे फळीसारखी कडक भूछत्रं आडवी फुटली असतील, खोड ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आतलं लाकूड कुजायला लागलंय. ती भूछत्रं तोडूनही काही होत नाही, कवकजाल आत आहे, तेव्हा असं झाड कुणाच्या अंगावर पडायच्या आधी जाणकाराला दाखवा.