डीईपी बंद करण्याचा सल्ला आणि रावेरचा संगणक

‘प्रोसेसरमध्ये डीईपी नावाचे कुलूप असते, ते निम्मा वेग खाते, सोबतची कमांड द्या आणि संगणक दुप्पट वेगाने चालवा,’ असा संदेश सध्या जळगाव-धुळ्याकडच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरत आहे. डीईपी म्हणजे डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शन, मेमरीत नुसता डेटा म्हणून ठेवलेला मजकूर कोड म्हणून चालू न देणारे संरक्षण. रावेरला केळीच्या गाड्यांची बिले करणाऱ्या माझ्या मावसभावाने तो तंतोतंत पाळला आणि ज्या संगणकावरून तो बँकेचे व्यवहार करतो, त्याचेच संरक्षण काढून टाकले. म्हणून हा खटाटोप.

वेगाचा दावा सर्वांत निराधार आहे. प्रोसेसर मेमरी सहसा 4 केबीच्या तुकड्यांत, म्हणजे ‘पानांत’, हाताळतो आणि प्रत्येक पानाची नोंद एका तक्त्यात असते. पानावर लिहिता येईल का, हे जसे त्या नोंदीत असते, तसाच त्यातील मजकूर कोड म्हणून चालवण्यास मनाई करणारा एक बिट तिथेच असतो. ही नोंद प्रोसेसर एरवीही पाहतोच, त्यामुळे एक बिट जादा तपासल्याने जाणवण्याइतका वेळ जात नाही. हिशेबाच्या वहीत परक्याने ‘तिजोरी उघडा’ असे लिहून ठेवले, तर मुनीम ते वाचेल, पण पाळणार नाही. या बिटचे काम तेवढेच आहे. ऑगस्ट 2003 मध्ये पसरलेला ब्लास्टर वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) नेमका अशाच घुसवलेल्या मजकुराला कोड म्हणून चालवून घेत असे. एएमडीने ही सोय त्याच वर्षी आणली, इंटेलने 2004 मध्ये, आणि विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 पासून विंडोज ती वापरू लागले. विंडोज 8 पासून तर प्रोसेसरमध्ये ती असणे ही अटच आहे. निम्मा वेग खाणारी वस्तू कोणी अट म्हणून घालेल काय?

‘पहिला पर्याय निवडलेला दिसला, तर डीईपी मुळात बंदच आहे,’ हा संदेशातील दुसरा शोध. अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमधून परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज उघडल्या की डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शन हा टॅब दिसतो. प्रोसेसर हे संरक्षण पुरवतो की नाही, हे त्याच्या तळाशी लिहिलेले असते. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांनुसार धोरणाचे आकडे चार आहेत: 0 म्हणजे कायम बंद, 1 म्हणजे कायम चालू, 2 म्हणजे टॅबवरील पहिला पर्याय (फक्त विंडोजच्या आवश्यक प्रोग्रॅमना संरक्षण) आणि 3 म्हणजे दुसरा (आपण वगळलेले सोडून सर्वांना). घरगुती विंडोजमध्ये मुळातच 2 असतो, म्हणजे डीईपी चालूच असते. एवढे मात्र मान्य करावे लागेल, की 2 वर असताना जुन्या 32-बिट प्रोग्रॅमना हे कवच आपोआप मिळेलच असे नाही. जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने खुशाल दुसरा पर्याय निवडावा आणि ते बंद पडू लागले, तर तेवढ्यालाच अपवादांच्या यादीत टाकावे.

हॅकर हे संरक्षण ओलांडू शकतात, हेही खरे आहे. मेमरीत आधीपासून असलेल्या कोडचेच तुकडे जोडून ते काम साधतात. पण त्यासाठी बरीच जास्त खटपट लागते, आणि ती वाचवून देण्याचे आपल्याला कारण नाही. अँटीव्हायरस असला की पुरे, या संदेशातील वाक्यावर तर शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

ज्यांनी कमांड दिली आहे, त्यांनी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून संदेशातली तीच बीसीडीएडिटची (विंडोज सुरू होण्याच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या साधनाची) कमांड ‘ऑलवेजऑफ’च्या (म्हणजे 0 च्या) जागी ‘ऑप्टइन’ (म्हणजे 2) लिहून द्यावी आणि संगणक रीस्टार्ट करावा. डिस्क एन्क्रिप्ट करणारा विंडोजचा बिटलॉकर चालू असेल, तर तो आधी सस्पेंड करावा, नाहीतर संगणक सुरू होताना रिकव्हरी की मागू शकतो.