आठ पानांचे हसे

दर महिन्याच्या पंचवीस तारखेला रात्री अकराच्या सुमारास आमच्या विनोदी मासिक वृत्तपत्रात कोठे तरी दोन कॉलम रुंद आणि चौदा सेंटिमीटर उंच अशी एक रिकामी जागा उरते. कधी ती पाचव्या पानावर असते, कधी सातव्या; पण २०१२ पासून एकही अंक तिच्यावाचून गेलेला नाही. डीटीपी करणारा मुलगा संगणकासमोरच्या खुर्चीत मागे रेलतो आणि जांभई अर्धवट गिळत विचारतो, "भाऊ, चौदा सेंटिमीटरचा एखादा जोक आहे का?" मी डोके खाजवतो. विनोद माझ्याकडे पुष्कळ असतात, परंतु ते एक तर पाच सेंटिमीटरचे असतात, नाही तर बावीस.

वृत्तपत्राचा कागद दुमडून घडी घालायचा असल्यामुळे त्याची पाने चाराच्या पटीतच होतात, ही साधी गोष्ट या फंदात पडण्यापूर्वी मला कोणी सांगितली नव्हती. एखाद्या महिन्यात साडेसहा पानांपुरतेच हसू सुचले, तर उरलेले दीड पान कोरे सोडता येत नाही. किराणा दुकानदाराला तूरडाळ संपली असे सांगता येते. विनोदी वृत्तपत्राच्या संपादकाला ती सोय नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात घातले ते माझ्या एका चित्रकला शिक्षक मित्राने. सरांचे म्हणणे असे, की अमळनेरला गंभीरपणाची फार मोठी परंपरा आहे. गिरणीमालक प्रतापशेठजींनी १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, १९५२ साली येथे मराठी साहित्य संमेलन भरले, आणि साने गुरुजी येथल्या छात्रालयातील मुलांसाठी चक्क हाताने लिहून दैनिक काढत असत. गुरुजी एकटे हाताने लिहून दैनिक काढू शकत होते, तर आपण दोघे मिळून छापून मासिक काढू शकत नाही काय, असा सरांचा बिनतोड सवाल होता. मी नुकताच नोकरीतून निवृत्त झालो होतो आणि बिनतोड सवालांपासून सावध राहावे, एवढे भान मला उरलेले नव्हते.

त्या संध्याकाळी सरांनी आमच्या ओसरीवर बसून व्यंगचित्रांच्या नियतकालिकांचा सारा इतिहास उलगडला. लंडनचे 'पंच' १८४१ मध्ये निघाले, दिल्लीचे 'शंकर्स वीकली' १९४८ मध्ये आणि मुंबईचे 'मार्मिक' १९६० मध्ये. आमच्या सौभाग्यवती चहा ठेवता ठेवता ऐकत होत्या. "ते पंच अजून निघते का हो?" त्यांनी आतूनच विचारले. सर प्रामाणिक असल्यामुळे म्हणाले, "नाही वहिनी, १९९२ मध्ये बंद पडले. पण १९९६ मध्ये पुन्हा निघाले." "आणि मग?" "२००२ मध्ये पुन्हा बंद पडले." "आणि ते दिल्लीचे?" "ते १९७५ मध्येच." एवढ्या मोठ्या इतिहासातून सौभाग्यवतींनी बंद पडल्याचे सन तेवढे लक्षात ठेवले आणि ते त्या दर वर्षी छपाईचे बिल आले की न चुकता म्हणून दाखवतात.

नावापासूनच पंचाईत झाली. एकाच भाषेत किंवा एकाच राज्यात दुसऱ्या वृत्तपत्राशी सारखे असलेले नाव मिळत नाही, म्हणून आम्ही पसंतीच्या क्रमाने पाच नावे लिहून सरकारकडे पाठवली. पहिली चार हास्य, गुदगुल्या, चिमटे आणि खोड्या यांच्याशी निगडित होती. देशात इतके लोक इतक्या प्रकारांनी हसत असतील, याची मला कल्पना नव्हती. चारही नावे कोणी ना कोणी आधीच घेऊन ठेवलेली निघाली. पाचवे नाव केवळ रकाना रिकामा राहू नये म्हणून, माझ्या वारकरी आजोबांना स्मरून, अत्यंत वैराग्यशील असे लिहिले होते. ते ताबडतोब मंजूर झाले. ते नाव मी येथे सांगत नाही. एवढेच सांगतो, की केवळ त्या नावावर विसंबून तालुक्यातील एका भजनी मंडळाने आमची आजीव वर्गणी भरली. त्यांची तक्रार आजतागायत आलेली नाही, त्यावरून त्यांनी अंक अद्याप उघडलेला नसावा.

त्यानंतर टपालाची सवलत. टपालखात्याच्या दृष्टीने वृत्तपत्र म्हणून मान्य व्हायचे, तर त्यात बातम्या किंवा चालू घडामोडींवरचा मजकूर बऱ्याच प्रमाणात असावा लागे आणि दोन अंकांत एकतीस दिवसांपेक्षा अधिक अंतर पडता कामा नये. म्हणजे हसू येवो न येवो, एकतीस दिवसांच्या आत ते आलेच पाहिजे. पन्नास ग्रॅमपर्यंतच्या अंकाला तेव्हा पंचवीस पैसे पडत. आमचा अंक त्यात बसतो की नाही हे पाहण्यासाठी मी पहिला अंक सराफ बाजारातील एका ओळखीच्या सोनाराकडे नेला. त्यांनी काचेची पेटी उघडली, अंकाची घडी करून ती काट्यावर अलगद ठेवली आणि सवयीने म्हणाले, "बावीस ग्रॅम, दोनशे मिली. घडणावळ वेगळी का?" म्हणजे पंचवीस पैशांत काम भागले. पुढे माझ्या लक्षात आले, की चार आण्यांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातूनच गेलेले आहे. जे नाणे भिकारीही घेत नाही, तेवढ्या मोलात आमचा विनोद नंदुरबारपासून रावेरपर्यंत फिरत होता. दर अगदी रास्त लावला आहे, असे सौभाग्यवतींचे मत पडले.

मजकुराचे म्हणाल, तर आमच्याकडे येणाऱ्या दर दहा विनोदी लेखांपैकी सहा वांग्याच्या भरितावर असतात. हिवाळ्यात शेतात भरीतपार्टीला गेलो, हिरवी वांगी काड्यांवर भाजली, लाकडी बडजीत ठेचली, सोबत कळण्याच्या पुऱ्या होत्या आणि मग कोणाला तरी फार तिखट लागले, असा त्या सर्व लेखांचा आशय असतो. वाचून भूक लागते. हसू येत नाही. उरलेल्या चारांपैकी तीन बायकोवर असतात. राहिलेला एक लेखकाच्या बायकोने वाचून, दुरुस्त करून पाठवलेला असतो आणि तोच त्यातल्या त्यात बरा असतो. एक ज्येष्ठ लेखक तर हस्तलिखितातच जागोजाग कंसात 'येथे वाचक हसतील' अशी सूचना लिहून पाठवीत. एकदा माझी नजर चुकली आणि डीटीपीच्या मुलाने ती सूचना जशीच्या तशी टाइप केली. आठ दिवसांत धरणगावहून पत्र आले, की सूचनेप्रमाणे प्रयत्न केला, परंतु जमले नाही. कृपया पुढील अंकात खुलासा करावा.

व्यंगचित्रांची तऱ्हा निराळीच. सरांचा जीव शब्दविरहित चित्रांत. चित्राखाली ओळ लिहावी लागणे हा चित्रकाराचा पराभव आहे, असे ते मानतात. त्यांचे पहिले शब्दविरहित चित्र छापले, त्या दिवशी मला अकरा फोन आले. चित्राखालचे छापायचे राहिले आहे, असे नऊ जणांनी कळवले आणि उरलेल्या दोघांनी त्यापोटी अंकाची किंमत कमी करून मागितली. पुढच्या महिन्यात सरांच्या नकळत मी चित्राखाली एक ओळ घातली, तर त्याच मंडळींनी फोन करून सांगितले, की चित्रात दिसतेच आहे, मग लिहिता कशाला?

मे महिन्याचा अंक सरांना सर्वांत कष्टाचा जातो. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असतो. कूलर बंद ठेवला तर कपाळावरचा घाम टपकन चित्रावर पडतो आणि चालू ठेवला तर वाळ्याच्या पडद्यातून पाण्याचे तुषार उडतात. सर पाटावर कागद ठेवून कूलरकडे पाठ करून बसतात आणि आपल्या रुंद पाठीआड चित्र सुखरूप राहील, असे समजतात. एका वर्षी त्यांनी एका काल्पनिक पुढाऱ्याचे चित्र काढले होते. मिशीचा केस न् केस बारीक निबाने रेखला होता. शाई वाळायच्या आत सर पाणी प्यायला उठले, आणि तेवढ्यात बरोबर मिशीवर एक टपोरा थेंब पडला. मिशी ओठांवरून हनुवटीवर आली, हनुवटीवरून गळ्यापाशी उतरली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात जाऊन थांबली. छपाईवाला दारात उभा होता. दुसरे चित्र काढायला वेळ नव्हता. तसेच छापले. त्या आठवड्यात तीन सुशिक्षित माणसांनी मला मुद्दाम गाठून सांगितले, की तोंडातून खिशाकडे जाणारा तो काळा ओघ म्हणजे तुमच्या अंकातली आजवरची सर्वांत धाडसी टीका होय. हे कळल्यावर सर दोन दिवस धड जेवले नाहीत. मिशी त्यांनी खरोखरच फार मन लावून काढली होती.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. विनोदी वृत्तपत्र विनोदावर चालत नाही. ते वाढदिवसांवर आणि श्रद्धांजल्यांवर चालते. वाढदिवसाच्या जाहिरातीत शुभेच्छुकांचे चाळीस फोटो असतात आणि एकही शुभेच्छुक हसत नसतो. श्रद्धांजलीच्या जाहिराती देणाऱ्यांना प्रथम आमच्याकडे यायचा संकोच वाटे, परंतु आमचा दर दैनिकांपेक्षा कमी आहे आणि आमच्या अंकातली श्रद्धांजली लोक अगदी शेवटपर्यंत वाचतात, हे त्यांच्या ध्यानात आले. शेवटपर्यंत वाचतात, कारण यात विनोद कोठे आहे, ते शोधत असतात.

खुद्द मलाही लोक असेच शोधत असतात. उत्तरकार्याला गेलो आणि इतरांसारखा मान खाली घालून बसलो, तरी शेजारचा माणूस माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहतो. गंभीर राहिलो तर 'आता काहीतरी बोलतील' म्हणून लोक सरसावून बसतात. न बोलता उठलो तर 'पूर्वीसारखी मजा राहिली नाही' म्हणतात. लग्नात जेवणाच्या पंगतीत वाढपीसुद्धा मठ्ठ्याचा जग हातात धरून "काका, एक होऊन जाऊ द्या" असा आग्रह करतो.

तथापि या सर्वांहून मला धाक आहे तो चौकातल्या आप्पांचा. आप्पा निवृत्त गिरणी कामगार. अंक निघाला, की दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर बसून, चष्मा कपाळावरून नाकावर आणून, पहिल्या पानापासून मुद्रकाच्या ओळीपर्यंत तो वाचतात, व्यवस्थित घडी घालतात आणि मला विचारतात, "यामा हासासारखं काय शे भो?" हेच आप्पा त्याच ओट्यावर अहिराणीत आपल्या म्हशीची गोष्ट सांगू लागले, की रस्त्याने जाणारे सायकली टेकवून उभे राहतात. म्हैस लग्नाच्या मांडवात कशी शिरली आणि नवरदेवाच्या गळ्यातला हार तिने कसा शांतपणे चघळला, हे ऐकताना माझ्या डोळ्यांतून पाणी आले होते. धावत घरी जाऊन मी ती गोष्ट लिहून काढली. लिहून झाल्यावर वाचली. 'तदनंतर सदर म्हशीने मंडपात प्रवेश करून वराच्या गळ्यातील पुष्पहार भक्षण केला' अशी ती उतरली होती. पोलीस पाटलाने पंचनामा केला असता, तर तो याहून रंजक झाला असता. तरीही मी ती छापली. आप्पांनी ती स्वतःची आहे हे न ओळखता वाचली आणि विचारले, "हाई म्हैस कोनी शे?"

२०१९ च्या मार्चच्या अंकाची रात्र. ऐन वेळी एका वाढदिवसाची जाहिरात मागे घेतली गेली, आणि नेहमीच्या चौदा सेंटिमीटरऐवजी तेवीस सेंटिमीटर जागा मोकळी झाली. मला घाम फुटला. तेवढ्यात डीटीपीच्या मुलाला आठवण झाली, की फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात वृत्तपत्राच्या मालकीविषयीचे निवेदन, म्हणजे 'फॉर्म ४, नियम ८ पाहा', छापणे तेव्हा कायद्याने बंधनकारक होते आणि ते राहूनच गेले होते. त्याने ते गेल्या वर्षीच्या फाइलमधून उचलून त्या मोकळ्या जागेत टाकले. चौकट आधीची विनोदी लेखाची होती, कोपऱ्यात सरांनी काढलेला हसरा चेहरा होता. तो काढायचा राहिला.

अंक टपालात पडला आणि पाचव्या दिवशी पत्रे येऊ लागली. पारोळ्याच्या एका वाचकाने लिहिले, की इतक्या वर्षांत प्रथमच तुम्हाला खरा विनोदी लेखक मिळाला. मुद्रक हाच, प्रकाशक हाच, संपादक हाच. तरी प्रत्येक वेळी त्याला राष्ट्रीयत्व विचारतात, आणि तो बिचारा न चिडता प्रत्येक वेळी 'भारतीय' म्हणून सांगतो व तोच पत्ता पुन्हा लिहितो. चोपड्याच्या एका भगिनींनी कळवले, की शेवटी तो म्हणतो, 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे', म्हणजे आपण कोण आहोत याची त्यालाही पुरती खात्री नाही, या ठिकाणी आमच्या घरातले सर्व लहानथोर लोटपोट झाले. एका चौकस वाचकाने मात्र तक्रार केली, की नियम ८ पाहा असे लिहिले आहे, पण सर्व आठ पाने चाळूनही तो सापडला नाही.

आप्पा त्या दिवशी ओट्यावर बसलेले नव्हते. ते मला शोधत घरी आले. हातात सहाव्या पानाची घडी होती आणि हसू आवरत नसल्यामुळे चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. "हाऊ लिखनारा कोन शे भो?" त्यांनी विचारले. मी काय सांगणार? आपल्याच गावचा आहे, म्हणालो. "त्याले सांगा," आप्पा म्हणाले, "बाकीनं सोडी दे, हाईच लिख म्हना." आतून सौभाग्यवतींनी विचारले, "आप्पा, चहा घेणार ना?" आणि त्या दिवशी चहात साखर पुरेपूर होती.

एप्रिलच्या पंचवीस तारखेला रात्री अकरा वाजता सहाव्या पानावर दोन कॉलम रुंद आणि चौदा सेंटिमीटर उंच जागा उरली. मुलगा खुर्चीत मागे रेलला. या वेळी त्याने विनोद मागितला नाही. "भाऊ," तो म्हणाला, "फॉर्म ४ टाकू का पुन्हा? थोडा बारीक टाइप केला, तर बसतो." कायद्याने तो वर्षातून एकदाच छापायचा असे, हे मला ठाऊक होते. मी घड्याळाकडे पाहिले, रिकाम्या जागेकडे पाहिले आणि त्याला म्हणालो, "आधी टाकून तर बघ, कसा दिसतो ते."