फॉरवर्ड करणारा साक्षीदार नसतो

‘वाहिन्या विकल्या गेल्यात. युद्धात सामान्य माणसाचा मोबाईलच खरं दाखवतो, कॅमेरा खोटं बोलत नाही. दिसेल ते शूट करा, पुढे पाठवा, सैन्याचं मनोबल वाढवा. लोक सुज्ञ आहेत, खरं-खोटं तेच ठरवतील.’

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू असताना हा मजकूर नाशिकमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला. तणाव वाढला की अजूनही येतो. पाठवणारी माणसं आपलीच आहेत, देशावर प्रेम करणारी आहेत. म्हणूनच एकेका वाक्याला उत्तर देतो.

‘कॅमेरा खोटं बोलत नाही.’ कॅमेरा नसेल बोलत, पण त्याच्याखाली लिहिलेली ओळ बोलते. त्याच दिवसांत गुजरातच्या हजिरा बंदरावर हल्ला झाल्याचा व्हिडिओ फिरला. हजिरा म्हणजे सुरतेशेजारी, नाशिकहून काही तासांवर, त्यामुळे आपल्याकडे तो जास्तच धडकी भरवणारा ठरला. ते दृश्य जुलै २०२१ मधल्या तेलाच्या टँकरच्या स्फोटाचं होतं. भारतावरचा क्षेपणास्त्र हल्ला म्हणून फिरलेला दुसरा व्हिडिओ २०२० च्या बैरूत स्फोटाचा निघाला. दोन्हींचा खुलासा पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, फॅक्ट चेकने केला. युक्रेनच्या युद्धापासून तर ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून इतकी पसरली, की गेम बनवणाऱ्या कंपनीलाच २०२२ मध्ये निवेदन काढावं लागलं.

‘वाहिन्या खोट्या, सामान्य माणूस खरा.’ यातला पहिला अर्धा भाग मी खोडणार नाही. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं, ते आपण सगळ्यांनी जागून पाहिलं, आणि तसं काही घडलं नव्हतं. सामान्य माणसाच्या कॅमेऱ्याची ताकदही मला मान्य आहे. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर एमएच-१७ हे प्रवासी विमान पाडलं गेलं, २९८ जीव गेले. रशियाने हात झटकले. पण त्या दिवशी दोनेत्स्क ते स्निझने या वाटेवरच्या साध्या लोकांनी रस्त्याने जाणाऱ्या एका ट्रेलरचे फोटो-व्हिडिओ काढले होते. त्यावर ‘बुक’ या विमानविरोधी क्षेपणास्त्राचं वाहन लादलेलं होतं. इंटरनेटवरच्या उघड माहितीवरून शोध घेणाऱ्या बेलिंगकॅट या गटाने त्यातले फलक, इमारती, सावल्यांची दिशा उपग्रहचित्रांशी ताडून पाहिली आणि ते वाहन रशियाच्या ५३ व्या हवाई संरक्षण ब्रिगेडचं असल्याचं दाखवलं. आंतरराष्ट्रीय तपास पथकही २०१८ मध्ये त्याच निष्कर्षाला आलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये डच न्यायालयाने तिघांना दोषी ठरवलं.

मग मोबाईलवाला खरा ठरला ना? ठरला. कारण तो तिथे उभा होता, आणि त्याने टिपलेली जागा आणि वेळ कुणालाही तपासता येत होती. आपण सिडकोत किंवा पंचवटीत बसून जे पुढे ढकलतो, त्यात जागा नसते, तारीख नसते, काढणाऱ्याचा पत्ता नसतो. त्याला नागरिक पत्रकारिता म्हणणं हा जीव धोक्यात घालून चित्रण करणाऱ्यांचा अपमान आहे. फॉरवर्ड करणारा साक्षीदार नसतो, तो फक्त ऐकीव गोष्ट सांगत असतो.

‘शूट करा, मनोबल वाढवा.’ हे नाशिककराने तरी बोलू नये. आपल्याकडे देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, ओझरला एचएएलचा विमान कारखाना आणि धावपट्टी आहे. २६/११ ला मुंबईतल्या कारवाईचं थेट प्रक्षेपण पाहून पलीकडचे सूत्रधार अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा कॅमेरे मोजके होते, आता प्रत्येकाच्या खिशात आहे. ताफा दिसला तर हात हलवा, जयहिंद म्हणा, मोबाईल खिशातच ठेवा.

राहिलं शेवटचं, ‘लोक सुज्ञ आहेत.’ आहेतच. पण माणूस समोर आलेल्या माहितीवरच मत बनवतो. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, असा खोटा मेसेज आला त्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या काकू गुडघे दुखत असताना रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्या अडाणी नाहीत, ३० वर्षं शाळेत शिकवलंय त्यांनी. आणि १० मेला शस्त्रसंधी झाली तेव्हा काय झालं ते आठवा. चार दिवस मोबाईलवर शत्रूची बंदरं जळताना, शहरं पडताना पाहिलेल्यांना ती फसवणूक वाटली. तो राग ती घोषणा करणाऱ्या परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यावर निघाला. निर्णय त्यांचा एकट्याचा नव्हता, तरी त्यांच्या मुलीपर्यंत शिवीगाळ पोचली आणि त्यांना आपलं एक्सवरचं खातं बंदिस्त करावं लागलं.

आमच्या ग्रुपवरही त्या रात्री त्यांच्याबद्दलचे असे चार मेसेज होते. दोन मी ॲडमिनला सांगून काढायला लावले. उरलेले दोन पाठवणाऱ्यांनी फोन केल्यावर स्वतःहून काढले.