वॉटर पंप, एम-सील आणि फॉरवर्डवाले मेस्त्री

‘गॅरेजवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या गावभर फिरतोय. जुन्या मारुतीचा वॉटर पंप, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाणी फिरवणारा पंप, घरच्या घरी तासाभरात बदला आणि हजारो रुपये वाचवा, असं त्यात म्हटलंय. मी सोडून दिला असता. पण मिरजेच्या आमच्या मामांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘रविवारी झेन खोलतोय.’ मामांची झेन 2002 ची. 993 सीसीचं चार सिलिंडरचं, सगळंच ॲल्युमिनियमचं इंजिन. मामांकडे भांडवल म्हणजे पान्यांचा एक जुना संच आणि दांडगा आत्मविश्वास. तेव्हा आता बोलणं भाग आहे.

मेसेजातलं सगळ्यात थोर वाक्य हे: ‘पंपाच्या खालच्या अंगाला बारीक भोक असतं. तिथून पाणी ठिबकत असेल तर पंप बदलूही नका, एम-सील भरा.’

हे लिहिणाऱ्याने पंप कधी हातात तरी धरला होता का? पंपाच्या शाफ्टवर पाण्याच्या बाजूला सील असतं, पुलीच्या बाजूला बेअरिंग, आणि दोघांच्या मधे हे भोक. सील झिजल्यावर सुटणारं पाणी बेअरिंगमध्ये न घुसता बाहेर पडावं आणि मालकाच्या नजरेला यावं, म्हणून कारखान्यातच ते मुद्दाम पाडलेलं असतं. ते बुजवलंत की पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि ग्रीस धुऊन काढतं. आधी घरघर ऐकू येते, मग पुली डुलायला लागते, आणि शेवटी बेअरिंग जाम होऊन बेल्ट जातो. त्याच बेल्टवर अल्टरनेटरही चालतो, म्हणजे चार्जिंगही गेलं. एम-सीलने झीज थांबत नाही, फक्त दिसायची थांबते. भोकाखाली कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) हिरवट-पांढरा सुकलेला ओघळ दिसला, किंवा इंजिन बंद असताना पुली धरून हलवल्यावर खेळ लागला, तर पंप गेलाय. नवीन आणा.

पुढे म्हणतात, ‘समोरचे चार बोल्ट काढा, पंप हातात येतो.’ ते चार बोल्ट पुलीचे आहेत हो! ते काढलेत तर हातात पुली येईल. पंप इंजिनच्या अंगाला वेगळ्या बोल्टांनी बसवलेला असतो आणि झेनमध्ये तो सोडवायचा तर टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एका तालात फिरवणारा पट्टा, उतरवावा लागतो. हे माझं मत नाही. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये क्रमच तसा दिलाय: कूलंट काढा, बाहेरचे बेल्ट, क्रँकची पुली, टायमिंगचं कव्हर, टायमिंग बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, आणि मग पंप. अख्ख्या मेसेजात ‘टायमिंग’ हा शब्द एकदाही नाही! क्रँकची आणि कॅमची खूण जुळवून बेल्ट परत चढवायचा असतो. एक दात इकडचा तिकडे झाला तरी गाडी ओढत नाही. जास्त चुकला तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला भिडून वाकतात. तासाभराची गोष्ट विसराच, सवय नसलेल्या माणसाचा पूर्ण दिवस जातो. त्यात जुनं गॅस्केट (सांध्यातून पाणी गळू न देणारा पातळ थर) पत्र्यासारखं चिकटलेलं असतं. ते स्क्रू ड्रायव्हरने खरवडलंत की ॲल्युमिनियमवर चरा पडतो, आणि नवा पंपही तिथूनच गळतो.

आता जे वाचून राग आला ते. ‘इंजिन गरम असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, घाण सुटून येते, वरून गार पाणी ओता.’ झेनच्या झाकणावर 0.9 असा आकडा असतो. म्हणजे आतलं पाणी चौरस सेंटिमीटरला साधारण तेवढ्या किलोच्या दाबाखाली असतं आणि त्या दाबाला ते शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण फिरवलंत की दाब एका क्षणात जातो, तेच पाणी उकळत वर उसळतं, आणि तुमचा चेहरा नेमका त्याच्यावर ओणवलेला असतो. गरम असताना उघडू नका असं ओनर्स मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. आणि तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) गार पाणी ओतणं म्हणजे हेड वाकवायचं आमंत्रण.

गाडीसोबतच्या जॅकवर उचलून खाली झोपा, असंही लिहिलंय. अजिबात नाही. तो जॅक चाक बदलण्यापुरता. खाली स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली हातही घालायचा नाही.

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?’ यात चिमूटभर खरं आहे. वाटेत गाडी तापली तर ती गार झाल्यावर पिण्याच्या पाण्याची बाटली ओतून घर गाठता येतं, मीही सांगेन. पण कायम बोअरचं पाणी चालवलंत तर आत क्षार धरतात आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ते होऊ नये म्हणूनही कूलंट असतं. काढलेलं कूलंट मात्र ‘झाडांना घाला’ म्हणतात तसं करू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे अडवून धरणारा व्हॉल्व्ह, काढून टाका असंही मेसेजात आहे. तो काढला की इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. हळद टाकून गळती बुजते म्हणे. बुजतेही कधी कधी, आणि सोबत रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात.

राहिला ‘गॅरेजवाले लुटतात’ हा मुद्दा. काही लुटतात, नाकारत नाही. पंपाची किंमत त्या मानाने किरकोळ, खरा खर्च मजुरीचा, आणि मजुरी का लागते ते वर आलंच आहे. म्हणून मामा, झेन गॅरेजलाच द्या, आणि एकदा खोलताच आहोत तर टायमिंग बेल्टही नवा टाकायला सांगा. तो तसाही लाखभर किलोमीटरला बदलायचाच असतो, आणि त्याच कामात बसला तर मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही. बिल देण्याआधी जुना पंप मागून घ्या आणि त्याची पुली स्वतःच्या हाताने हलवून बघा.